त्याच्या नावाची सव्वा मूठ

कानबाईच्या दर्शनाला मी तुझ्याकडे आले तेव्हा तू म्हणालीस, ‘तो झोपलाय आक्का, ताप आहे.’ मी मान डोलावली. पण पडद्याखालून मला तुझ्या पोराचे पाय दिसत होते. आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा मागे. तापातलं माणूस असं फिरत नाही, माय. आणि तुझ्या सासूबाई गाण्याचा आवाज मुद्दाम चढवत होत्या, आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून.

तेव्हा बोलले नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पण परवा फोनवर तू सांगितलंस, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं धान्य मोजताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ टाकत होतात, आणि त्याचं नाव आलं तेव्हा जाऊबाई म्हणाली, ‘त्याचीही धरायची का?’ तू काही न बोलता मूठ टाकलीस. ते ऐकल्यापासून माझा डोळा लागलेला नाही. म्हणून हे लिहितेय. फोनवर तुझ्या मागे कायम कोणीतरी उभं असतं.

मी तुला दोष द्यायला बसलेली नाही. लपवण्यात मी तुझ्या दहा पावलं पुढे होते. तुझ्या दाजींना लग्नाच्या चौथ्या वर्षी सुरू झालं. शेजारचे भिंतीतून करंट सोडतात, असं म्हणायचे. रात्री उठून भिंतीला कान लावायचे. रेडिओतला माणूस आपल्याबद्दलच बोलतो म्हणून त्यांनी रेडिओ पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिले, ‘यांना पित्त आहे.’ काय पण आजार शोधला होता मी! आई वारली तेव्हासुद्धा मी तुम्हा बहिणींना खरं सांगितलं नाही. आखाजीला माहेरी यायचं बंद केलं, तर तुम्हाला वाटलं आक्काला गर्व झाला.

त्या सहा वर्षांत एक भगत झाला, उतारे झाले, एका ठिकाणच्या सात वाऱ्या झाल्या, माझ्या पाटल्या गेल्या. मग कुठे डॉक्टर. त्यांनीही दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, ‘गोळ्या चालू ठेवा.’ कशाच्या, किती दिवस, मान अशी वाकडी का होते, दिवसभर झोप का येते, काही नाही. मी घाबरून गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांत सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरात. त्याची चूक माझ्या माथी कोणी मारली नाही. मीच मारून घेतली.

तू आता त्याच जागी उभी आहेस, म्हणून पहिली गोष्ट सांगते. पोराला जे झालंय त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, असं डॉक्टरांनी तुला सांगितलं आणि तुला वाटलं आभाळ कोसळलं. हा आजार बहुतेकांना पंधरा ते तीसच्या दरम्यानच गाठतो. म्हणजे नेमका कॉलेज, नोकरी, लग्नाच्या वयात. तुझ्या संस्कारांनी हा होत नाही. तू नोकरीला जात होतीस म्हणून झाला नाही, त्याचे वडील, आमचे पाहुणे, त्याला बारावीच्या मार्कांवरून बोलले म्हणूनही नाही. जन्मापासूनची काही घडण, मेंदूतल्या रसायनांचा बिघाड, वरून पडलेला ताण, असं बरंच काही एकत्र येतं. ‘कुणाची नजर लागली’ हा प्रश्न सोडून दे. त्याचं उत्तर सापडलं तरी औषधाच्या दुकानात त्याचा उपयोग नाही.

आणि त्याचा आळस. तू म्हणालीस, ‘आवाज ऐकू येणं मी समजू शकते आक्का, पण अंघोळ न करणं? ताटावरून उठून तसंच पडून राहणं?’ माय, तोही आजारच आहे. किंबहुना जास्त चिवट भाग तोच. भास गोळ्यांनी त्या मानाने लवकर मागे हटतात. उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचं हसू मात्र उशिरा परततं, कधी थोडंच परततं. घरोघरी भांडणं होतात ती यावरून. पाहुण्यांना हे नीट समजावून सांग, कारण पुरुषमाणसाला पडून राहिलेला जवान मुलगा बघवत नाही.

आता तुला एक जुनी गोष्ट सांगते. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने, इस्पितळातून बरे होऊन घरी गेलेल्या अशा रुग्णांचं पुढे काय होतं ते पाहायला सुरुवात केली. दिसलं ते विचित्र होतं. काही जण आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेले आणि पुन्हा आजारी पडले. दूर भाड्याच्या खोलीत राहणारे त्यांच्यापेक्षा बरे टिकले. पुढे वर्षानुवर्षं घरांमधलं बोलणं तपासलं, तेव्हा कळलं की प्रेम कमी पडत नव्हतं. सतत टोचून बोलणं, राग, आणि (हे ऐक) नको इतकी काळजी, या तिन्हींनी आजार उलटतो. टोमणा तर समजला, पण पोराच्या तोंडात घास भरवणारी, तो संडासात गेला तरी दाराशी उभी राहणारी आईसुद्धा त्याच यादीत! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिडले होते. आपण जीव टाकायचा आणि वर आपल्यालाच शिकवायचं? नंतर घरी येऊन पाहिलं, तर मी तुझ्या दाजींचा शर्टसुद्धा निवडून देत होते. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा शर्ट.

त्याच सुमारास आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर होते. फाळणीनंतरचे दिवस, रुग्ण फार, माणूसबळ नाही. त्यांनी काय केलं, इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांनाच बोलावून तिथे राहायला लावलं. आई, बाप, भाऊ डोळ्यांनी पाहायचे की औषधाने फरक पडतो, संध्याकाळी एकत्र बसायचे, एकमेकांना विचारायचे. घरी जाताना रुग्णाबरोबर शिकलेलं घरही परत जायचं. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही घरचं माणूस सोबत ठेवायची पद्धत पडली. सगळं जग रुग्णाला कुलपात घालत होतं, तेव्हा आपल्या देशात कुणाला तरी हे तंबू सुचले. आपण मात्र अजून आतल्या खोलीला कडी लावतो.

कुलपावरून आठवलं. तुझे जेठ म्हणाले ना, ‘रात्री पाय बांधून ठेवा’? त्यांना तमिळनाडूतल्या एरवाडीचं सांग. 6 ऑगस्ट 2001 ला तिथल्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेली 28 माणसं आगीत गेली. पळायला पाय मोकळे नव्हते. आता 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधणं मुळातच बंद आहे.

मला खरा धीर आला तो आपल्याच खानदेशच्या माणसामुळे. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी, कॅनडात कॅल्गरीच्या विद्यापीठात गणित-संख्याशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पत्नीला, कमलिनीताईंना हाच आजार होता. एवढा शिकलेला माणूस, परका देश, आणि घरात हे. पण त्यांनी पित्त म्हणून सांगितलं नाही. आजार समजून घेतला, तिथल्या अशाच घरांबरोबर कामाला लागले, आणि मग वाटलं असेल की कॅल्गरीत जे मिळतं ते माझ्या भाषेतल्या माणसाला का मिळू नये. 1997 साली पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. त्यात रुग्ण आणि घरचे दोघांनी एकत्र बसून बोलायचे गट आले. ‘देवराई’ हा 2004 चा चित्रपट आठवतो? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, अतुल कुलकर्णीचा. त्याच्यामागेही वाणी होते. त्यात बहीण आजारी भावाला आपल्या घरी आणते, आणि तिचा संसार त्या ओझ्याखाली कसा करकरतो ते दाखवलंय. मी टीव्हीवर पाहिला. तुझे दाजी शेजारी बसून पाहत होते. संपल्यावर म्हणाले, ‘हा माणूस माझ्यासारखा आहे.’ दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या आजाराबद्दल स्वतःहून वाक्य काढलं.

मग मी पुण्याला जाऊन त्या गटात बसून आले. तिथे मला दोन शब्द मिळाले. आजारी माणसाला तिथे ‘शुभार्थी’ म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. आपल्याकडे काय म्हणतात, ‘येडा’ आणि ‘येड्याची बायको’. शब्द बदलल्याने गोळ्या कमी होत नाहीत हे मला कळतं. पण त्या दिवशी एका परक्या बाईने मला विचारलं, ‘तुम्ही शुभंकर ना?’ आणि मी रडायला लागले, कारण सोळा वर्षांत माझं नाव काय, मी कोण, असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, ‘त्यांचं कसं आहे?’

पुण्याला दर महिन्याला जाणं काही जमणारं नव्हतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मनाच्या आरोग्याची संस्था आहे, 1990 पासूनची, तीही लांबच. आमच्या अमळनेरला काय आहे? प्रतापशेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, मनावर चिंतन करायला देशभरातून माणसं इथे आली. पण माझ्यासारख्या बाईने मनाच्या आजाराबद्दल कुणाशी बोलावं, अशी जागा गावात नव्हती. साहित्य संमेलन भरलं 2024 ला, केवढा मांडव! मी पुस्तकांच्या गाळ्यांत फिरताना मनात म्हणत होते, यातल्या किती घरांत आतली खोली असेल?

आणि साने गुरुजींचं गाव हे. प्रताप हायस्कुलात शिकवायचे, छात्रालयात पोरांचं डोकं दुखलं तर रात्र जागवायचे. आईच्या मायेबद्दल त्यांच्या नावाने आपण इतकं बोलतो, पण 11 जून 1950 ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, हे सांगताना अजूनही गावातली माणसं आवाज खाली करतात. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी कोण सांगणार. पण एवढं वाटतं, इतरांसाठी एवढं रडू शकणाऱ्या माणसाला स्वतःसाठी कुणापुढे रडता आलं असतं, तर. असो.

तर मी शेवटी घरीच सतरंजी टाकली. सुरुवातीला आम्ही तिघी. एकीचा भाऊ, एकीची मुलगी, आणि मी. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर ओळख झाली होती. महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी साडेचार. पहिल्या दोन बैठका तर आम्ही नुसता चहा प्यायलो आणि महागाईवर बोललो. तिसऱ्या वेळी एकीने सांगितलं, ‘मी गोळी डाळीत मिसळून देते,’ आणि बांध फुटला. तिघीही तेच करत होतो! चहात, डाळीत, बट्टीच्या तुपात. त्यावर आम्ही तीन रविवार भांडलो. तुला सांगते, चोरून दिलेली गोळी त्याला कधीतरी सापडतेच, आणि ‘घरचे मला विष घालतात’ या त्याच्या संशयाला आपणच पुरावा देतो. घेतच नसेल तर डॉक्टरांना सांग, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. आधी मात्र त्यालाच विचार की गोळीने त्रास काय होतो. हात थरथरत असतील, लाळ गळत असेल, वजन वाढत असेल, तर त्याच्या नकाराला कारण आहे, आणि त्यावर डोस बदलून उपाय असतो. गुण दिसायला काही आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही. पहिल्या वेळेनंतरही डॉक्टर वर्ष-दोन वर्षं तरी चालू ठेवायला सांगतात. माझी चूक तू करू नकोस.

तो म्हणाला, ‘गल्लीतले माझ्यावर कॅमेरा लावून बसलेत,’ तर ‘कुठं रे आहे कॅमेरा, दाखव बरं’ असं म्हणू नकोस. त्याला तो दिसतो. आणि ‘हो हो आहे’ असंही नको. मी म्हणते, ‘मला तो दिसत नाही, पण तुम्हाला फार भीती वाटते आहे हे दिसतंय. चला, ओट्यावर बसू.’ दर वेळी जमत नाही. पण दहांपैकी चार वेळा जमलं तरी त्या चार रात्री झोप मिळते.

लग्नाचं. मला माहीत आहे तुझ्या घरात चर्चा चालू आहे, ‘दोनाचे चार हात झाले की ताळ्यावर येईल.’ या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी भांडेन. त्या कुठल्यातरी मुलीचे दोन हात आपल्या अंधारात ओढायचे? आजार लपवून लावलेलं लग्न ती मुलगी कोर्टात जाऊन रद्द करून घेऊ शकते, आणि तिने घ्यावंही. तो सावरला, त्याला हवं असलं, समोरच्यांना सगळं माहीत असलं, तर करा. अशीही लग्नं टिकलेली मी पाहिलीत. पण उतारा म्हणून नको.

आणखी एक, हे घाईने सांगते पण विसरू नकोस. शेतावरच्या कपाशीवर मारायचं औषध घरात ओट्याखाली ठेवता तुम्ही. आजच्या आज ते बाहेर कुलपात जाऊ दे, गोळ्यांचा डबाही तुझ्या ताब्यात. तो मरणाबद्दल बोलला तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नकोस, सरळ विचार, मनात येतं का. विचारल्याने कल्पना सुचत नाही. मन हलकं होतं. त्याला एकटं सोडू नकोस आणि डॉक्टरांकडे ने. रात्री-अपरात्री कुणी नसलं तर 14416 लाव. टेलिमानस म्हणतात, सरकारचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. तो फक्त आजाऱ्यासाठी नाही. मी स्वतःसाठी दोनदा लावलाय.

कागदपत्रांचंही हळूहळू करू. 2016 च्या कायद्यात मनाचा आजार अपंगत्वात धरलेला आहे. आजार बराच काळ राहिला तर सरकारी दवाखान्यातून दिव्यांग प्रमाणपत्र काढता येतं, 40 टक्के किंवा त्याच्या वर भरलं तर सवलती मिळतात. पाहुणे म्हणतील, ‘शिक्का बसेल.’ आमच्याकडेही तेच म्हणाले होते. बघू. घाई नाही. विम्याचं मात्र तपास, 2017 च्या कायद्याप्रमाणे कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे.

आमच्या सतरंजीवर आता सात-आठ घरं येतात. कधी चार, पावसाळ्यात दोन. नियम एकच, समोरचा विचारत नाही तोवर सल्ला द्यायचा नाही. तुला माहीत आहे मला हा नियम पाळणं किती जड जातं! त्यामुळे वही माझ्याकडे ठेवलीय, म्हणजे लिहिताना तोंड बंद राहतं. कुणाच्या मुलाने तीन महिन्यांनी स्वतःहून दाढी केली, ते वहीत आहे. कुणाची मुलगी पुन्हा इस्पितळात गेली, तेही आहे. सगळे बरे झाले असं मी तुला सांगणार नाही. तुझे दाजी अजूनही वर्षातून एकदा भिंतीला कान लावतात. पण आता कान लावण्याआधी मला सांगतात, ‘मला वाटतंय की सुरू झालंय.’ आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातो, एस्टीने, येताना भजी खातो.

नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाचं एक काम झालं, त्यात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केलं, कुणाचं मन बिघडलंय ते ओळखायला, ऐकून घ्यायला, पुढे पाठवायला. त्यांना जमलं तर आपल्याला का नाही? 2016 चा राष्ट्रीय पाहणीचा अहवाल सांगतो की बहुतेक मानसिक आजारांत शंभरातल्या सत्तरांहून जास्त माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. आपलं वेगळं असेल असं मला तरी वाटत नाही.

सासूबाईंवर चिडू नकोस. त्या आवाज चढवून गात होत्या, कारण त्यांना दुसरं काही शिकवलेलंच नाही. त्यांनाही आण. म्हाताऱ्या बायका एकदा बोलायला लागल्या की सगळ्यांत चांगल्या बोलतात. आमच्यात एक आजी येते, तिने दीर, मुलगा आणि नातू असं तिघांचं काढलंय. ती कुणालाच घाबरत नाही.

हा रविवार महिन्यातला दुसरा आहे. पारोळ्याहून दुपारच्या गाडीने निघालीस तर सहज पोचशील. येताना बिबड्या आण, तुझ्या हातच्या. आणि पोराला विचार, येतोस का मावशीकडे म्हणून. नको म्हणाला तर नको, तुझे दाजी आतच बसलेले असतात, त्यांनाही गर्दी आवडत नाही. पाहुण्यांना यायची लाज वाटेल. वाटू दे. आमच्याकडचे तीन नवरे अजून गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवर बसून राहतात, आत येत नाहीत. त्यांचा चहा मी बाहेर पाठवते.